धुतल्यानंतरचा फोटो

पोलक्यावर लाल डाग दिसला तेव्हा मी किंचाळलेच. "अक्का, रक्त!" म्हणून तिचा दंड धरला, तर माझी थोरली जाऊ उलट माझ्यावरच खेकसली, "गप की गं! साऱ्या छावणीला गोळा करतीस का? रक्त न्हाई, लेप हाय त्यो."

कसला लेप, कावून लावला, कधीपासून लावतीस, मी विचारत राहिले आणि ती पाण्याच्या तांब्याकडं बघत राहिली. आम्ही अंघोळीला उभ्या होतो. अंघोळ आपली म्हणायची. जुन्या लुगड्याचा आडोसा, टँकरच्या पाण्याची एक बादली दोघींत, आणि त्यातलंही म्हशीसाठी राखून ठेवायचं. तोंड, काखा, पाय एवढं भिजलं की झालं. बाकीचं अंग पदरानं कोरडं पुसायचं.

दुष्काळाचं वर्ष होतं. उमापूरच्या पुढं माळावर एका सहकारी सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती आणि तिथं जनावरामागं घरचं माणूस हजर लागायचं, नाहीतर चाऱ्यातून नाव कमी. माझा नवरा टोळीबरोबर ऊस तोडायला गेलता. म्हणून दोन गाई, एक म्हैस आणि आम्ही दोघी जावा, सगळे एका ताडपत्रीखाली. थोरले दीर, म्हणजे आमच्याकडं ज्यांना भासरे म्हणतात ते, दिवसातून एकदा गावाकडून भाकरी घेऊन यायचे. ते गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दूध आटलं होतं, सोसायटीच्या दाराला कुलूप होतं, पण चेअरमनची टोपी रोज इस्त्रीची. भाकऱ्या करायची त्यांची एकुलती एक लेक. तिची सोयरीक वडवणीच्या एका घरात ठरलेली होती.

शेवटी अक्कानं तोंड उघडलं. छातीत डाव्या बाजूला गाठ होती. सुपारीएवढी, दिवाळीपासून. दुखत नव्हती म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि लेप? तो तिला दूध सोसायटीनंच शिकवला होता. बरी वर्षं होती तेव्हा जिल्ह्याच्या दूध संघाचा एक माणूस गावात आलता. गाईची कास सुजून दगडासारखी झाली, तर कोरफड, हळद आणि चुना वाटून लावायचा, हे त्यानं सगळ्या बायकांना अंगणात बसवून करून दाखवलं. हळदीत चुना पडला की लेप लाल होतो, तो लाल लेप. पुढं भासऱ्यांनी तो प्रत्येक बैठकीत सांगून सांगून आम्हाला पाठ करून टाकला. आमच्या गाईची कास त्यानं खरंच उतरली होती.

"अगं पण तू काय गाय हायेस का?" मी म्हणाले.

"गाईला गुण आला की न्हाई? मग मला कावून येणार न्हाई?"

तिला वाटलं तिनं मला निरुत्तर केलं. रोज सकाळी जनावरांचं उरकलं की ती ताडपत्रीआड जाऊन लेप लावायची. धुवायला पाणी नाही, म्हणून कालच्या वाळलेल्या थरावर आजचा. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. माझी एक चुलती अशीच गाठ झाकून झाकून गेली, तिच्या खोलीतला तो वास मी विसरलेले नाही. मी अक्काला तिथंच सांगितलं, उद्या गेवराईला दवाखान्यात चल, नाहीतर मी आत्ता इथं बोंब मारते. ती मला ओळखून होती. मी मारली असती.

गेवराईच्या डॉक्टरनं हात लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाला की बीडला जाऊन मॅमोग्राफी करून घ्या, म्हणजे छातीचा खास फोटो, आणि लांबवू नका. आता भासऱ्यांना सांगावंच लागलं. त्यांनी ओळखीची जीप ठरवली. शेजारच्या ताडपत्रीतल्या म्हातारीला जनावरं सांगून आम्ही निघालो. मी भासऱ्यांशी बोलत नसे. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर पदर ओढायचा, काही सांगायचं तर जावेमार्फत सांगायचं, ही आमच्या घरची रीत.

फोटोच्या खोलीत भासऱ्यांना बाहेर ठेवलं, मला आत घेतलं. मशीन चालवणाऱ्या पोरीनं विचारलं, "मावशी, अंगाला पावडर, क्रीम, अत्तर काही लावलंय का?"

अक्काला हसू आलं. "प्यायला पाणी न्हाई बाई, पावडर कुठली लावू?"

खोटं नव्हतं ते. लेप तिनं आदल्या दिवशी नखानं खरवडून पदरानं पुसून टाकला होता, तिच्या लेखी तो गेला होता. आणि पावडर म्हणजे नटणं, लेप म्हणजे औषध. ते एकाच प्रश्नात येतं हे तिच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

मग त्या पोरीनं अक्काची छाती उचलून खालच्या पाटीवर ठेवली आणि वरची पाटी खाली आणली. पापड दाबायच्या यंत्रासारखं ते दाबत दाबत चपटं करत गेलं. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी म्हणाली, "दाबल्याशिवाय आतलं एकावर एक चढलेलं दिसतं मावशी, थोडं सोसा." एक फोटो वरून, एक कडेनं. मग तसंच दुसऱ्या बाजूचं. मी अक्काची चप्पल आणि पिशवी हातात धरून उभी होते. तिची पाठ इतकी वाळलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

डॉक्टरीण बाईंनी आम्हाला बोलावलं. वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी फोटो उजेडावर लावला होता आणि त्यांचा चेहरा काही बरा नव्हता. काळ्या-करड्या फोटोत डाव्या बाजूला पांढरे ठिपके होते, मीठ सांडावं तसे, खालच्या अंगाला तर दाटच. बाई म्हणाल्या की असे बारीक ठिपके आत असले तर फार काळजीचं असतं. मग त्या थांबल्या, फोटोजवळ डोळे नेले, आणि अक्काला म्हणाल्या, "परत एकदा बघू द्या." छातीखालची घडी उचलून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला लालसर खपली आली.

"हे काय आहे?"

अक्कानं सगळं सांगितलं. कोरफड, हळद, चुना, कास, गाय. सांगताना थोडा तोराही होता, नाही म्हणणार नाही. मला वाटलं बाई आता हसतील, नाहीतर ओरडतील. त्या दोन्हीपैकी काही करेनात. म्हणाल्या, "चुना या फोटोत पांढराच उमटतो. आता यातलं कातडीवरचं कुठलं आणि आतलं कुठलं, हे मला सांगता येणार नाही. स्वच्छ धुऊन या, परत काढू."

धुऊन या म्हणे! संडासातल्या नळानं नुसता फुस्स आवाज केला. टँकर आला नव्हता. बाहेरच्या टेबलावर पिण्याच्या पाण्याचा जार होता, तोही उपडा घातलेला. बीडला यायचं, फोटो काढायचा, आणि धुवायला तांब्याभर पाण्यावाचून अडायचं! मला रडावं का भांडावं कळेना. मी तरातरा बाहेर गेले. फाटकाशी एक मुसलमान बाई द्राक्षांची पाटी मांडून बसली होती आणि कॅनमधलं पाणी ओंजळीनं द्राक्षांवर शिंपडत होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिला सरळ सांगून टाकलं, मेरी जाऊ का छाती का फोटो है, धोना पडता, पानी नहीं है.

तिनं माझ्याकडं बघितलं, आतल्या दाराकडं बघितलं, आणि कॅन उचलून माझ्या हातात दिला. "ले जाव बाई. अंगूर कल बी बिकते."

संडासात आम्ही दोघी मावत नव्हतो. मी अक्काला भिंतीला टेकवून उभं केलं आणि साबणाच्या चिपेनं धुवायला घेतलं. लाल पाणी ओघळून तिच्या परकराला लागलं. अक्का छताकडं बघत होती. "इतकी वर्षं एका चुलीवर रांधलं," ती म्हणाली, "पण असं कुणी धुतलं न्हवतं मला, आईनंतर."

माझ्या तळव्याखाली ती गाठ आली होती. मी हळूच तिला बाजूला सरकवून पाहिलं. सरकेना. दगड मातीत रुतलेला असतो तशी ती आत रुतली होती, आणि वरचं कातडं तिच्याबरोबर आत ओढलं जात होतं. मला भीती वाटली. इतकी भीती वाटली की साबण हातातून निसटून संडासात गेला.

दुसरा फोटो निघाला. मग सोनोग्राफीही केली, जेल लावून, यंत्र फिरवून. बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. धुतल्यानंतरच्या फोटोत ते सांडलेलं मीठ गेलं होतं. अक्कानं सुस्कारा सोडला. पण जिथं गाठ होती तिथं एक पांढरा डाग तसाच होता, कडा सरळ नसलेला, चहूबाजूंनी काटे फुटल्यासारखा, आणि त्याच्या पोटात थोडे ठिपके. बाईंनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. "हा चुना नाही. हा धुण्यानं जाणार नाही. सोनोग्राफीतही हीच गाठ वेडीवाकडी दिसतेय." मग म्हणाल्या, "फोटो फक्त एवढंच सांगतो की इथं संशय आहे. खात्री करायला सुईनं त्यातला तुकडा काढून तपासावा लागतो. आजच करू, माझ्याकडं सोय आहे. आत्ता वेळ हातात आहे. आणखी थांबलात तर नसेल."

याहून सोपं करून कुणी काय सांगणार? मला समजलं, म्हणजे अक्कालाही समजलंच. तिनं एकच विचारलं, "बाई, ह्यो रोग आईकडनं लेकीकडं जातो का?"

"आईला असला म्हणजे लेकीला होईलच असं अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "पण अशा लेकीनं वेळच्या वेळी तपासत राहिलेलं बरं."

अक्का उठली. पदर सारखा केला. "मालकाला इचारून सांगते." बाईंनी कागदावरही लिहून दिलं, पण ते इंग्रजीत, आणि आमच्यात इंग्रजी वाचणारं कोण होतं?

बाहेर भासरे टोपी हातात घेऊन उभे होते. अक्का त्यांच्यापुढं गेली आणि मोकळं हसत म्हणाली, "चुना हुता म्हणं! धुतला आन गेला. उगंच जीव घाबरा केला समद्यांनी."

मी तोंड उघडलं, तर तिनं पदराआडून माझ्या मनगटाला असा चिमटा घेतला की माझा आवाजच बसला. भासरे खाली पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. एवढा मोठा माणूस. मला त्यांची दया आली आणि अक्काचा संताप आला, दोन्ही एकाच वेळी, आणि मी जीपमध्ये जाऊन बसले. गेवराई येईपर्यंत भासऱ्यांची ड्रायव्हरला ती गोष्ट सांगून झाली होती.

छावणीत तर नुसता दंगा. "चेअरमनच्या लेपानं डागदरला फसवलं!" म्हणून बायका खिदळत होत्या. एकीनं अक्कालाच विचारलं, "दूध वाढलं का गं?" सगळ्यांत मोठ्यानं अक्का हसली. मला त्या हसण्याची किळस आली.

सकाळी शेण भरताना मी तिला गाठलं. "अक्का, मी बहिरी न्हाई. बाई काय म्हणाली ते मी ऐकलंय."

"मी बी ऐकलंय," ती म्हणाली. पाटी खाली ठेवली. "आता नीट ऐक. कारखान्याच्या मांडवात सामुदायिक लग्नं लागणार हायेत अक्षय तृतीयेला. लेकीचं त्यात नाव दिलंय. सुई टोचली की साऱ्या तालुक्यात बोभाटा. आईला असला रोग हाय म्हणलं की कोण करतंय तिची पोरगी? त्या बाईनं बी सांगितलंच की, लेकीनं तपासत राहावं. म्हंजे हायेच की न्हाई काईतरी? लगीन लागू दे. मग सुई टोचा, सुरी चालवा, काय करायचं ते करा."

"तवर गाठ थांबंल का?"

"थांबंल. तिला काय घाई हाय?"

आणि पाटी उचलून चालायला लागली. मी तिच्या मागं पळाले, हाताला धरलं, रडले, शिव्या दिल्या. मेलीस तर लेकीचं बाळंतपण कोण करणार, तिला हळदीला आईचा हात लागंल, पण पुढं काय, असं वाट्टेल ते बोलले. तिनं मला जनावरांपुढं लेकीची शपथ घातली, भासऱ्यांना सांगशील तर बघ.

शपथ मी आठवडाभर पाळली आणि मग मोडली. कारण चाऱ्याची पेंढी उचलताना तिचा डावा हात अडायला लागला होता, आणि काखेत हात घालून ती काहीतरी चाचपायची, मी बघते आहे कळलं की हात काढायची. एका दुपारी भासरे आले तशी मी डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. "दादा, चुना वरचा हुता. आतली गाठ खरी हाय. डागदरबाई सुई करा म्हणत्यात."

त्यांना आधी माझ्या उघड्या डोक्याचाच धक्का बसला. मग ते ताडपत्रीत गेले, दोन्ही फोटो आणले आणि उन्हाकडं धरले. "ह्यो आधीचा. बघ किती ठिपके. आन ह्यो धुतल्यावरचा. हायेत का? डोळ्यानं दिसतंय की! उगं का भरवतीस तिच्या मनात?" मी म्हणाले, ठिपके नका बघू, तो डाग बघा, मधला. ते म्हणाले, "ते काय, मांस असंल." त्यांना बघायचंच नव्हतं. लेप त्यांच्या सोसायटीचा, तो धुतल्यावर सगळं ठीक निघालं, यापलीकडं त्यांना एक पाऊल टाकायचं नव्हतं. अक्का गाईआड उभी राहून सगळं ऐकत होती.

नवऱ्याला फोन लावला तर तो उसाच्या फडातून ओरडला, "दादाच्या घरात तोंड घालू नको, सांगून ठेवतो!"

तर मग घालायचं ठरलं.

वडवणीच्या बाजाराच्या दिवशी, माहेरी जाते म्हणून सांगून मी एसटीनं वडवणी गाठली. नवऱ्या मुलाचं घर बाजाराच्या मागंच होतं. त्याची आई एकटी होती, जोंधळे निवडत. मी नवरीची चुलती म्हटल्यावर तिनं लगबगीनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. मी काही आड-पडदा ठेवला नाही. सगळं सांगितलं. आणि हात जोडले. "सोयरीक मोडू नका बाई. लेक सोन्यासारखी हाय, तिला काई बी झालेलं न्हाई. फक्त तुमच्या तोंडानं एक निरोप धाडा, की आधी दवाखाना करा, आमी थांबतो. तुमी थांबलात तर तिची आई जाईल. दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार न्हाई."

ती बाई ऐकत होती, मान हलवत होती. तिचे डोळेही भरून आले. "बाईच्या जातीला काय काय सोसावं लागतं," म्हणाली. "तुमी सांगितलं ते लई चांगलं केलं." मला कुंकू लावलं, ओटीत मूठभर गहू घातले. परतीच्या गाडीत मला इतका आनंद झाला होता की शेजारच्या अनोळखी बाईला मी माझ्यातली भाकरी दिली. वाटलं, जगात माणसं आहेत.

आठवडा उलटायच्या आत मध्यस्थ निरोप घेऊन आला. पत्रिका परत बघितली, जमत नाही म्हणे. आणि जाता जाता भासऱ्यांना खरं कारणही सांगून गेला, आणि ते कुणी येऊन सांगितलं तेही.

अक्का माझ्याकडं आली तेव्हा मी म्हशीला पाणी दाखवत होते. तिनं बादली लाथेनं उडवली. पाणी! त्या वर्षी! सगळी छावणी बघत होती. "माझ्या लेकीचं वाटोळं केलंस," ती म्हणाली. ओरडली नाही. "माझं मरण घेऊन निघाले हुते मी, तुझं काय जात हुतं? मला पायजे हुतं तेवढंच मागितलं हुतं मी. एक मांडव."

मी चिखलात उभी होते. मीही रडत होते, पण मागं हटले नाही. "मोडली ना सोयरीक? झालं ना सगळ्यांना ठाऊक? मग आता लपवायला काय उरलं अक्का? आता चल."

ती खाली बसली. लवंडलेली बादली सरळ करून ठेवली. मग तिनं भासऱ्यांना हाक मारली आणि म्हणाली, "जीप सांगा."

मला बरोबर नेलं नाही. तुकड्याचा रिपोर्ट वाईट आला, जो येणार होता तोच. काखेतही एक गाठ होती. औरंगाबादला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली, पुढं औषधांनी केस गेले, जीभ सोलवटली. भासरे एकदा छावणीत आले, कडब्याच्या ढिगावर बसले आणि मला म्हणाले, "डागदर म्हणले, अजून थोडं थांबला असता तर हात लावण्यात अर्थ नव्हता." एवढंच. टोपी नव्हती त्यांच्या डोक्यावर. मी त्यांना पाणी दिलं.

अक्का वाचली. आणि माझ्याशी बोलायची थांबली. मी पेज करून नेली की ती भिंतीकडं वळायची. भासऱ्यांनी वाटी हातात घेतली की मग प्यायची. पाऊस आला, छावणी मोडली, दूध सोसायटीचं कुलूप निघालं, तरी नाही. लेकीला पुढं कितीतरी स्थळं आली आणि चौकशी करून परत गेली. शेवटी नगरकडच्या एका बिजवराला दिली, आधीची दोन लेकरं असलेल्या. मांडव घरापुढंच पडला, लहानसा. मी पंगतीत वाढलं. लेक सणाला येते तेव्हा मला काकू म्हणून हाक मारते, खाली वाकून पाया पडते, आणि लगेच आत निघून जाते. तिच्या वाट्याला जे आलं ते माझ्यामुळं आलं, हे मला कुणी सांगायला नको. पण तिची आई तिला दारात उभी दिसते, तीही माझ्यामुळंच. मी हे स्वतःला सांगते. रात्रंदिवस सांगते. मला पस्तावा नाही, आणि मला सुखही नाही.

राहिलेल्या बाजूचा फोटो दर वर्षी काढावा लागतो. आत सोबत बाईमाणूस लागतं, लेक लांब, म्हणून भासरे मला सांगतात आणि मी जाते. जीपमध्ये अक्का खिडकीशी बसते. बीड येईपर्यंत बाहेर बघते, परत येईपर्यंत बाहेर बघते. दर वर्षी मला वाटतं, आज बोलेल. फोटो चांगला आला म्हणून तरी बोलेल. किंवा वाईट आला म्हणून.

गेल्या खेपेला मशीनवर नवी पोरगी होती. दारातच तिनं विचारलं, "आजी, सोबत कोण आहे तुमच्या?"

अक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "गावातली एक बाई हाय," ती म्हणाली.

पोरीनं मला आत यायची खूण केली. अक्काचा डावा हात वर जात नाही, म्हणून तिचे कपडे मीच उतरवले.